यानाचं पारायण

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. स्वयंपाकघरातून ओट्याकडे जाणारा चहा थोड्याच वेळात सुटत आहे."

मिरजगावात ज्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायला गेले, त्या घरमालकांचं माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. मी दचकून उठले. खाली डोकावून पाहिलं, तर ओट्यावर बनियन आणि पायजम्यातला एक उंच म्हातारा ताठ उभा होता, आणि समोर कुणीही नव्हतं. आतून काकूंचा आवाज आला, "आले, आले. भोंगा बंद करा आधी."

ते बसस्थानकावर कंट्रोलर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गाव त्यांना अजून कंट्रोलरच म्हणायचं, आणि मीही इथं तेच म्हणते. त्यांना दोन भाषा यायच्या. एक आपली घरातली, "हाय-न्हाई"ची. दुसरी माईकवरची, कडक इस्त्रीची. घरातलं काहीही महत्त्वाचं असलं की ते दुसऱ्या भाषेत शिरायचे. नळाला पाणी आलं की "पाणी आलेले आहे". जावई निघाले की "जावई सुटत आहेत, तरी संबंधितांनी डबे भरावेत". एकदा मांजर व्यायली, तर त्यांनी पिल्लांची नावं ठेवण्याऐवजी त्यांना मार्ग दिले. कर्जतमार्गे, काष्टीमार्गे आणि विनाथांबा. विनाथांबा पिल्लू खरंच एका जागी बसायचं नाही.

घरालाही त्यांनी फलाट पाडले होते. ओटा एक नंबर, स्वयंपाकघर दोन नंबर, आणि माझी वरची खोली तीन नंबर. "स्टँडवर दोनच फलाट हाईत," ते म्हणाले. "तिसरा करा म्हनून लई अर्ज केले. न्हाई झाला. मंग घरी केला." म्हणजे मी त्यांच्या नोकरीतल्या अपुऱ्या इच्छेत राहत होते. खोलीत वारा छान यायचा आणि जिन्याची चौथी पायरी निसटती होती. त्या पायरीबद्दलही सूचना व्हायची, मी खाली उतरताना, रोज.

मी तिथं कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला गेले होते, कंत्राटावर. कंत्राट संपलं, पुढचं मिळालं नाही, आणि नेमकं तेव्हाच पुण्याहून एका प्रकाशनातल्या ओळखीच्या संपादकबाईंचा फोन आला. एका विज्ञान मालिकेवर कादंबरी लिहायची होती. मालिकेचं नाव मी इथं सांगत नाही, पुस्तकाबाहेर ते वापरायचं नाही असं करारात कबूल केलं आहे. पण त्या वर्षी तुम्ही घरात टीव्ही किंवा मोबाईल बाळगून असाल तर तुम्हाला ती ठाऊक असणारच. माणसं भरून एक यान दुसऱ्या ताऱ्याकडे निघालंय, वाटेत पिढ्या जन्मतायत, मरतायत, आणि यान चाललंयच. शेवटच्या भागात यानाची इंजिनियर मुक्ता बिघाड काढायला बाहेर जाते, मागं दार बंद होतं, आणि मालिका तिथंच थांबते. पुढचं पर्व कधी येणार, येणार की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. तोवर लोकांचा जीव गुंतून राहावा म्हणून पुस्तक हवं होतं.

अशा पुस्तकाचे नियम भाड्याच्या घरासारखे असतात. राहा, वापरा, पण भिंतीत खिळा ठोकायचा नाही. माझ्या कादंबरीत मालिकेतलं कुणी मरायचं नव्हतं, कुणाचं लग्न व्हायचं नव्हतं, कुणाला पोर व्हायचं नव्हतं. नवी बारकी पात्रं आणायला मुभा होती. पण शेवटच्या पानावर प्रत्येक जण मालिकेनं सोडलं त्याच जागी उभा हवा. मुक्ता बाहेर, दार बंद.

कंट्रोलरना ती मालिका तोंडपाठ होती. ते ती उभं राहून बघायचे. बसून बघितलं की गाडी चुकते, असं त्यांचं म्हणणं. यानाबद्दल त्यांच्या तक्रारी पुष्कळ होत्या. यानात कंडक्टर नाही. एवढ्या लांबच्या गाडीला चहापाण्याचा थांबा नाही. "निदान एक रसवंती पायजे हुती," ते मला गंभीरपणे म्हणाले. अंतराळात ऊस कुठून येणार, असं मी विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मुक्ताचा शेवटचा भाग संपला तेव्हा मीही खालीच होते. नावं सरकली, जाहिरात लागली, काकूंनी टीव्ही बंद केला. कंट्रोलर तसेच उभे.

"अहो, झालं आता. जेवा," काकू म्हणाल्या.

"आजून आत आली न्हाई ती," ते म्हणाले.

असं सगळं असताना मी चार प्रकरणं लिहिली आणि अडकले. आता माझं थोडं सांगायला हवं. त्याआधी मी तीन कादंबऱ्या सुरू केल्या होत्या, आणि तिन्ही अर्ध्यावर पडल्या होत्या. ही चौथी तरी माझी नव्हती, दुसऱ्याच्या यानातली होती, मला वाटलं होतं जमेल. पण जिथं काहीच बदलायचं नाही तिथं लिहायचं काय, या भिंतीवर मी महिनाभर डोकं आपटलं. शेवटी ठरवलं, हे आपलं काम नाही. संपादकबाईंना सांगायचं, दुसरी नोकरी बघायची, आणि आपण लिहिणारे आहोत हे डोक्यातून काढून टाकायचं. चार प्रकरणांचा गठ्ठा एका जुन्या लाल ओढणीत बांधला, ट्रंकेवर ठेवला आणि आईकडे कर्जतला निघून गेले. जाताना किल्ली काकूंकडे दिली, खोली झाडून घेतील म्हणून.

परत आले ती संध्याकाळची वेळ होती. डेअरीत दूध घालून लोक घरी परतत होते. गल्लीच्या तोंडाशीच मला माईकचा आवाज ऐकू आला, आणि त्या आवाजात माझं वाक्य. माझं! "यानाच्या मागील भागात दिवे मंदावले, आणि मुक्ताच्या हातातील पान्याला थंडी चढली." मी रस्त्यातच थांबले. तोवर माझं लिहिलेलं मी स्वतःही कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं. पुढं गेले तर ओट्यावर पाट मांडलेला, समई, उदबत्ती, नारळ. पाटासमोर धुतलेल्या धोतरात कंट्रोलर. पुढ्यात लाल ओढणीवर माझी पानं. आणि खाली सतरंजीवर दहाबारा माणसं हात जोडून बसलेली.

श्रावणात ते दरवर्षी ओट्यावर पोथी लावायचे. रोज एक अध्याय, सात दिवसांत समाप्ती. काकूंनी खोली झाडताना गठ्ठा पाहिला आणि त्यांना दाखवला. आणि आमच्याकडे लाल कापडात बांधतात ती पोथी. पुरी झालेली पोथी. अर्धी पोथी लाल फडक्यात कोण बांधतं? त्यांनी धरून चाललं की म्याडमचं पुस्तक तडीस गेलं, आणि यंदा हीच लावायची ठरवली. मी ज्या कापडात तिला मूठमाती दिली होती, त्याच कापडातून त्यांनी ती उचलली होती.

गावातही कुरकूर झालीच. कुणी तरी म्हणालं, ह्या पोथीत देव कुठं हाय? कंट्रोलर म्हणाले, "आकाशातनं चाललेत. देवाच्या गावावरनंच जानार ना? का बायपासनं?" वाद तिथंच मिटला.

त्या संध्याकाळी मला खरं सांगवेना. दुसऱ्याही दिवशी सांगवेना, कारण तेव्हा माणसं वाढली. शेजारच्या हिराबाई तर दोन्ही पोरांना घेऊन पुढं बसायच्या. हिराबाई बाजारात भाजी विकायच्या आणि दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या. तेव्हा पोरं इथं आजीकडे राहायची. वाचन मध्येच थांबवून त्या विचारायच्या, "त्या मुक्तीच्या पोरीला आता येनी-फनी कोन करतं?" मुक्ताला पोरगी आहे हे मालिकेत एकदाच, ओझरतं येऊन गेलं होतं. मी ते विसरलेही होते. कंट्रोलर माझ्याकडे बघायचे, आणि मी तिथल्या तिथं काही तरी सांगून वेळ मारून न्यायचे.

वाचणाऱ्यालाही नेम असतात. पोथी लावली की समाप्तीपर्यंत एकवेळ जेवायचं, कांदालसूण नाही, गादी नाही, घोंगडीवर झोपायचं आणि गावची वेस ओलांडायची नाही. सत्तरी उलटलेला हा माणूस ते सगळं पाळत होता. त्यांची कंबर आधीच धरलेली असायची.

चौथा अध्याय संपला, आरती झाली, आणि ते मला म्हणाले, "उद्याची पानं कुटं ठेवलीत, म्याडम? फडक्यात न्हाईत."

मी सांगितलं. सगळ्यांच्या देखत सांगितलं, कारण कुणी उठलंच नव्हतं. "पुढं लिहिलेलंच नाही, काका. मला जमलं नाही. मी ते सोडून दिलं होतं. म्हणून बांधून ठेवलं होतं."

सतरंजीवर कुजबुज झाली. काकूंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता हे भडकणार. देवापुढं अर्धी पोथी वाचायला लावली म्हणून बोलणार. कंट्रोलरनी पानं सारखी केली, ओढणीत बांधली, डोक्याला लावली आणि माईक उचलला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पाचवा अध्याय तांत्रिक कारणास्तव उशिरा धावत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

"म्हंजी रद्द झाला का?" हिराबाईंनी विचारलं.

"रद्द न्हाई," ते घरातल्या भाषेत म्हणाले. "उशिरा."

आणि ते घोंगडीवर जाऊन झोपले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. सप्ताहाचे सात दिवस उलटून गेले तरी नेम सुटेना. काष्टीला सख्ख्या भाच्याचा साखरपुडा होता. वेस ओलांडायची नाही म्हणून गेले नाहीत, आणि बहिणीनं फोनवरून त्यांचा उद्धार केला तो मलाही वर ऐकू आला. मी खाली जाऊन हातापाया पडले, म्हटलं, नेम सोडा, ही काही खरी पोथी नाही. ते म्हणाले, "मी कुटं काय म्हनतोय? तुमी तुमचं बघा." काकू मात्र बोलल्या. निसटती पायरी चुकवत वर आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुझं ते यान एकदाचं खाली उतरव गं. ह्यांना उटवताना माजी कंबर जायची येळ आली."

तेव्हा मी लिहायला बसले. प्रतिभा वगैरे काही नाही. खाली एक म्हातारा घोंगडीवर कुशी बदलत होता आणि त्याचं कण्हणं मला वर ऐकू येत होतं, म्हणून बसले. पाचवं प्रकरण झालं की खाली द्यायचे, संध्याकाळी वाचन व्हायचं. सहावं मग दोन दिवसांनी. ज्या दिवशी पानं नसायची त्या दिवशीही सतरंजी पडायचीच. माणसं येऊन बसायची, उशिराची सूचना ऐकायची, चहा पिऊन घरी जायची. हिराबाईंच्या प्रश्नांतून मुक्ताच्या पोरीचं एक अख्खं प्रकरण निघालं. माझ्या कादंबरीत माणसं जेवायला लागली, केस विंचरायला लागली. चार प्रकरणांत हे कुणीच केलं नव्हतं.

शेवटचं प्रकरण उरलं. संपादकबाईंना फोन केला. त्या भल्या होत्या, पण म्हणाल्या, "मुक्ता बाहेरच राहिली पाहिजे. मेली म्हणायचं नाही, वाचली म्हणायचं नाही. त्यात हात घालू नकोस." आणि खाली सतरंजीवर सगळ्यांना एकच हवं होतं. दार उघडायला हवं होतं.

मी कंट्रोलरजवळ जाऊन बसले. काही सुचत नव्हतं म्हणून सहज विचारलं, "काका, तुम्ही इतकी वर्षं माईकवर होता. रद्द किती वेळा म्हणालात?"

"आपन न्हाई म्हनलं."

"असं कसं? गाड्या रद्द व्हायच्याच की."

"व्हायच्या. बोर्डावर लिवायचे लोक. मी बोललो न्हाई." मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. एकदा सीनेला पूर आला होता. पलीकडून येणारी गाडी अडकली. फोन लागत नव्हते. सगळे म्हणाले, रद्द सांगा, लोकं घरी तरी जातील. फलाटावर एक बाई कडेवर पोर घेऊन नवऱ्याची वाट बघत होती. ह्यांनी उशिरा म्हणून सांगितलं, आणि त्यांची ड्युटी संपली तरी तिथंच बसून राहिले. दर अर्ध्या तासाला तीच सूचना. शेवटी माणसं कंटाळून त्यांना शिव्या द्यायला लागली.

"आली का गाडी?"

"आली की. दुसऱ्या दिवशी दुपारी. निम्मे लोक शिव्या दिऊन गेल्ते, पर ती बाई हुती." त्यांनी कंबर चोळली. "रद्द म्हनलं की मानसं उटून जात्यात, म्याडम. मंग गाडी आली तरी तिला हाय कोन?"

मी वर गेले आणि सलग लिहिलं. मुक्ता बाहेर राहिली, दार बंद राहिलं, नियमाला कुठं धक्का लागला नाही. फक्त दाराच्या आतल्या बाजूला एक नवं, बारकं पात्र आलं. यानाच्या दारांची नोंद ठेवणारा म्हातारा. सगळे पांगल्यावर तो आपलं अंथरूण घेऊन दाराशी येतो आणि माईक उघडतो. "मुक्ता, दार क्रमांक तीनवर आम्ही आहोत." थोड्या वेळानं पुन्हा तेच. मुक्ताची पोरगी त्याच्याजवळ येऊन बसते. तो तिला आई मेली म्हणत नाही, येईल असंही म्हणत नाही. उशीर झालाय, एवढंच म्हणतो. पुस्तक तिथं संपतं.

समाप्तीला ओटा पुरला नाही, गल्लीत माणसं बसली. कंट्रोलरनी शेवटचा अध्याय वाचला, आणि त्या म्हाताऱ्याची वाक्यं आली तेव्हाही त्यांचा आवाज हलला नाही. सूचनेसारखी सूचना वाचली त्यांनी. माझंच रडं आवरेना. वाचून झाल्यावर त्यांनी पानं पुन्हा ओढणीत बांधली. मग हिराबाई म्हणाल्या, "आत न्हाई आली. पर आसूं दे. पोरीपाशी कोन तरी हाय." त्यांनी धाकट्याला मांडीवर ओढलं आणि प्रसादाला हात पुढं केला.

कंट्रोलरनी मला बाजूला घेतलं. म्हटलं, आता हे कौतुक करणार.

"त्यो दारावरचा म्हातारा," ते म्हणाले, "लई बोलतो. जरा कमी करा."

मी कमी केलं. बरोबर होतं ते. संपादकबाईंनी एक शब्द बदलला नाही. पुस्तक आलं, वर मालिकेचं नाव मोठ्ठं आणि माझं खाली मुंगीएवढं, पण आलं. मालिकेचं पुढचं पर्व आजतागायत आलेलं नाही. अजून कुणाकुणाची पत्रं येतात. मुक्ताबद्दल थोडी असतात, दाराशी बसलेल्या म्हाताऱ्याबद्दल जास्त. त्यानंतर मी माझी स्वतःची पुस्तकं लिहिली, पुरी केली. लोक मला शिस्तीची लेखिका म्हणतात, ते ऐकून मला हसू येतं. मी जे काही झाले आहे ते एका माणसानं मला रद्द म्हणायचं नाकारलं म्हणून झाले आहे. त्यांना हे मी कधी अशा शब्दांत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तेही कमी करायला लावलं असतं.

गेल्या वर्षी काकूंचा फोन आला. कंट्रोलरांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. जीव वाचला, आवाज गेला. "घर लई गप झालंय गं," काकू म्हणाल्या. "चहा कवा झाला त्ये माजं मलाच कळत न्हाई." इतकी वर्षं त्यांनीच तर भोंगा बंद करायला सांगितला होता.

मी आता पुण्यात राहते, तिथून लगेच निघाले. दुपारी पोचणारी गाडी काष्टीच्या पुढं बंद पडली. दुसरी येऊन आम्हाला घेईपर्यंत ऊन कललं. मी काकूंना कळवलं, वाट बघू नका, मी येते घरी माझी माझी. मिरजगावच्या स्टँडवर उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. कठड्याला टेकून कंट्रोलर उभे होते. ताठ, इस्त्रीचा सदरा घातलेले, गळ्याभोवती पांढरं फडकं. दुपारपासून उभे होते म्हणे. पानवाला त्यांना बसा, बसा म्हणून दमला होता.

मला पाहून त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, आणि काहीच आलं नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग हात खाली सोडले आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

मी बॅग खाली ठेवली. आयुष्यात वर्गाबाहेर मोठ्यानं बोलले नव्हते, पण त्या दिवशी भर स्टँडवर बोलले.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पुण्याहून काष्टी, कर्जतमार्गे येणारी गाडी फलाटावर लागलेली आहे."

स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. पानवाला हसला. कंट्रोलर हसले नाहीत. त्यांनी कपाळाला आठी घातली, मान हलवली, आणि हात वर करून मला तीन बोटं दाखवली. फलाट क्रमांक राहिला होता.

त्या स्टँडवर अजूनही फलाट दोनच आहेत. मी सूचना पहिल्यापासून पुन्हा दिली, तीन नंबर घालून. मग त्यांनी माझी बॅग उचलली आणि आम्ही घरी निघालो.